ट्रायल रूम नाही, तरी आप्पांची पँट बरोबर बसली

माझ्या वडिलांना, आप्पांना, गुडघ्यांमुळे दोन वर्षं जिना उतरता येत नाही. त्यांचे कपडे मीच आणते. गेल्या दिवाळीत एका ॲपवरून दोन पँटी मागवल्या. जुन्या पँटीवर ३६ होतं, म्हणून ३६च घेतल्या. एक मांडीलाच अडली. दुसरीचं बटण लागलं, पण खुर्चीत बसल्यावर आप्पांना जीव कोंडल्यासारखं झालं. "माझंच अंग सुटलंय," एवढंच म्हणाले आणि पुन्हा जुनी विरलेली पँट चढवली. मला फार वाईट वाटलं.

शेजारच्या काकूंनी कोल्हापुरातल्या महाद्वार रोडच्या एका बोळातलं दुकान सांगितलं. जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढी जागा, ट्रायल रूम नाहीच. "आप्पांची रोजची पँट घेऊन जा, धुऊन इस्त्री केलेली," काकूंनी बजावलं होतं.

मालक साठीचे असतील, गळ्यात टेप. त्यांनी लेबल पाहिलंच नाही. पँट उलटी केली, कमरेची मागची शिवण बोटानं चाचपली आणि माझ्यापुढे धरली. शिवणीच्या जरा आत सुईच्या भोकांची एक जुनी ओळ दिसत होती. "ताई, ही उसवून मोठी केलीय. आतली माया, म्हणजे शिवणीतलं जादा कापड, संपलीय बघा." तेव्हा कुठे आठवलं, चार वर्षांपूर्वी कोपऱ्यावरच्या टेलरकडून आम्हीच ती सैल करून घेतली होती! बटण लावून, पट्टा सपाट धरून त्यांनी टेप लावली: १९ इंच, म्हणजे कंबर ३८. इतकी वर्षं मी लेबलावरचा ३६ धरून बसले होते.

मग त्यांनी विचारलं, "आप्पा दिवसभर बसून असतात की चालतात?" हे मला आजवर कुठल्याच दुकानात कुणी विचारलं नव्हतं. बसलं की पोट पुढे येतं आणि मागून पँट खाली ओढली जाते. म्हणून बसून असणाऱ्या माणसाला मागचं आसन उंच लागतं आणि मागे थोडं इलॅस्टिक असलं तर बरं. त्यांनी ३८ लेबलाच्या तीन पँटी काढल्या, एकाच गठ्ठ्यातल्या, आणि तिन्ही मोजल्या. दोन भरल्या साडेअडतीस, तिसरी सदतीसच. ती त्यांनी स्वतःच बाजूला ठेवली. आपल्या लोकांच्या अंगाची मापं ठरवायला निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेनं २५ हजार माणसं थ्रीडी स्कॅनरनं मोजायचं 'इंडियासाइझ' सर्वेक्षण हाती घेतलं होतं, त्यावरूनच मापांचा हा घोळ केवढा ते कळतं.

पँट कमरेला बसेल का हे ताडायला तिचा पट्टा गळ्याभोवती गुंडाळून दोन्ही टोकं मागे टेकतात का पाहायची युक्ती मी कॉलेजपासून वापरतेय आणि मला ती बऱ्यापैकी लागू पडते. आप्पांसाठी तीच करू का, असं विचारलं तर मालक म्हणाले, "म्हाताऱ्या माणसाला नको. मान वाळते, पोट राहतं." अगदी खरं. त्यापेक्षा कमरेचा बेल्ट आणा म्हणाले. बकलाच्या टोकापासून रोजच्या, ताणून लांबट झालेल्या भोकापर्यंत मोजलं की माणूस पँट कुठे आणि केवढी बांधतो ते नेमकं कळतं.

शर्टही घेतला. खांदा एका शिवणीपासून दुसरीपर्यंत १८, छाती बगलेखाली सपाट २२, म्हणजे ४४. आप्पांची छाती ४०. चार इंच सूट हवीच, नाहीतर हात वर करताना मुंढा ओढतो. कापड निव्वळ सुती, म्हणून लांबी एक इंच जास्त घ्यायला लावली, पहिल्या धुण्यात आत जातं म्हणून.

पँट ७५० रुपये, शर्ट ५५०. मोहरी दुमडून द्यायचे वेगळे साठ. न धुतलेला कपडा आठ दिवसांत बदलून देतात. उणं म्हणाल तर रंग मोजकेच, करडा, तपकिरी, काळा. बायकांचे कपडे नाहीत, आणि अल्टरेशन करणारा मुलगा दुपारी चारनंतरच येतो, त्यामुळे मला दुसरी फेरी पडली. संध्याकाळी गर्दीत मालकांना इतकं मोजायला सवड नसते, सकाळी अकराच्या सुमारास जा.

आप्पांनी पँट घातली, खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले. मग खिशात हात घालून म्हणाले, "खिसा खोल आहे गं, चष्मा मावतो." पुढच्या आठवड्यात दुसरी आणायला जाणार आहे, या वेळी बेल्ट घेऊन.