बंपरचा ‘जुना रंग पूर्ण काढून’ देतो म्हणणाऱ्यांची लबाडी

रत्नागिरी तालुक्यातल्या एका शेडमध्ये मे महिन्यात एक मोटार रंगायला दिली. बिलावर स्पष्ट लिहिलं होतं: दोन्ही बंपर आणि आरशांची कव्हरं, जुना रंग पूर्ण काढून, प्लास्टिक प्रायमर (रंगाखालचा थर), टू-के क्लिअर (हार्डनर मिसळून मारायचा वरचा पारदर्शक थर). पैसेही त्याच हिशेबाने घेतले. गणपतीला गावी आलेल्या मालकाने गाडी धुवायला नेली, तर पंपाचा फवारा बसताच मागच्या बंपरचा तळहाताएवढा पोपडा उडाला. या एकाच गाडीवर तीन लबाड्या सापडल्या, म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

मागच्या बंपरवर पोपडा निघाला तिथे जुना क्लिअर कोट चकाकत होता. रंग काढणं सोडाच, त्यावर पॉलिश पेपरसुद्धा फिरलेला नव्हता. खरं तर कंपनीचा रंग घट्ट असेल तर तो काढायची गरजच नसते. ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून चमक मारली, टवक्यांच्या कडा उतरत्या केल्या की त्यावर नवा रंग नीट बसतो. प्रामाणिक पेंटर हे आधीच सांगतो आणि कमी पैसे घेतो. रंग मुळापासून काढावा लागतो तो पोपडे सुटत असतील, भेगा गेल्या असतील किंवा रंगावर रंग चढून थर जाड झाला असेल तेव्हा. ते काम किचकट आहे. सँडरला (घासायच्या यंत्राला) १८० नंबरचा पेपर लावून सुरुवात, मग २४०, शेवटी ३२०. वेग कमी, हात हलका. जोर दिला की प्लास्टिक तापून वितळतं, त्यावर बारीक केस उभे राहतात आणि रंगानंतरही ते दिसतात. जाळीच्या खाचा, क्लिपांच्या कडा हातानेच घासाव्या लागतात. सकाळी दिलेला बंपर दुपारी ‘सगळा काढून’ रंगून मिळत असेल, तर तो काढलेला नाही, हे धरून चाला.

पुढच्या बंपरच्या कोपऱ्यात रंग खरोखर काढला होता, पण उघड्या प्लास्टिकवर थेट साधा प्रायमर मारला होता. बहुतेक बंपर पीपी (पॉलीप्रॉपिलीन) हे प्लास्टिक आणि ईपीडीएम हे रबर यांच्या मिश्रणाचे असतात. या प्लास्टिकला रंग धरतच नाही. त्यासाठी अ‍ॅडहिजन प्रमोटर, म्हणजे रंगाला पकड देणारा द्रव, लागतो: साबणाच्या पाण्याने धुऊन, प्लास्टिक क्लीनरने पुसून, त्याचा एकच पातळ थर, मग डब्यावर दिलेल्या वेळेत प्रायमर. जाड थर मारला तरी पकड बिघडते. बिलात ‘प्लास्टिक प्रायमर’ लिहून प्रमोटर वाचवणं ही सर्वांत सोपी चोरी, कारण नवा रंग पहिले काही आठवडे छानच दिसतो. त्याच कोपऱ्यात पत्र्यावरची साधी लांबीही (पुट्टी) भरलेली होती. बंपर वाकतो, ती वाकत नाही, म्हणून तडकली.

आरशांच्या कव्हरांचं तर नुकसानच झालं. ती एबीएस या दुसऱ्या प्लास्टिकची होती. पत्र्यावरचा रंग काढायचा रिमूव्हर त्यांवर लावला, त्यातलं डायक्लोरोमिथेन हे द्रावक एबीएसमध्ये शिरलं आणि कव्हरं मऊ पडून केसासारख्या भेगांनी भरली. स्कूटरच्या फायबरची अशीच माती होते. एबीएसवर अ‍ॅसिटोनही चालत नाही, त्याने प्लास्टिकच विरघळतं. कोणत्या भागाचं प्लास्टिक कोणतं, हे ओळखायला पेंटरच्या अनुभवाची गरज नाही. भाग उलटा केला की आतल्या बाजूला प्लास्टिकच्या नावाचा शिक्का असतो. तो न वाचता ब्रश बुडवणाऱ्याकडून काम काढून घ्या.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट. खाडीलगतच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. त्या पाण्याने ओलं घासून तसंच वाळवलं तर मीठ रंगाखाली राहतं, ते दमट हवेतलं पाणी ओढतं आणि पावसाळ्यात बारीक फोड येतात. शेवटची धुलाई गोड्या पाण्यानेच हवी.

काही ठिकाणी रंगाची जाडी मोजायचं यंत्र बंपरला लावून ‘बघा, जुना थर गेला’ असं दाखवतात. ते नेहमीचं यंत्र धातूवरच चालतं. प्लास्टिकवरच्या त्याच्या आकड्याला काहीही अर्थ नाही.

म्हणून काम देताना एकच अट घाला: उघडं प्लास्टिक दिसत असताना, प्रायमरच्या आधी, समोर येऊन बघणार, जमलं नाही तर शिक्क्यासकट फोटो पाठवायचा. प्रमोटरचा आणि हार्डनरचा डबाही बघा. टू-केचे पैसे घेऊन साधा लॅकर मारलाय अशी शंका असेल, तर रंग पूर्ण वाळल्यावर, आठवडाभराने, बंपरच्या आतल्या कडेला थिनरचा पांढरा बोळा घासा. रंग विरघळून बोळ्यावर आला तर हार्डनर पडलेला नाही.

आधीच फसला असाल तर पोपडे फेकू नका. पिशवीत ठेवा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा. किती थर होते आणि खाली काय होतं, याचा पुरावा तेच आहेत. बिल, कामाआधीचे फोटो, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं जोडून आधी पेंटरला लेखी कळवा. दाद दिली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, आणि तिथेही मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे. मात्र दुसऱ्याकडून गाडी पुन्हा रंगवून घेण्याआधी हे फोटो काढून ठेवा.