फुकटचं टेकड्रॉ साकीनाक्याच्या गाळ्यात चालेल का?

मुंबईत साकीनाका, मरोळ, भांडुपच्या छोट्या कारखान्यांच्या गाळ्यांत काम अजून कागदावरच चालतं. थ्रीडी मॉडेल कितीही देखणं असो, टर्नरच्या, म्हणजे लेथ चालवणाऱ्याच्या, हातात ए३ किंवा ए४ कागद येतो आणि बोअर (आतून कापलेलं गोल भोक) त्यावरच्या आकड्यानेच निघतो. म्हणून इथे फ्रीकॅड या फुकट थ्रीडी डिझाइन सॉफ्टवेअरचं मॉडेलिंग बाजूला ठेवलंय आणि त्यातला फक्त ड्रॉइंग काढणारा विभाग, टेकड्रॉ वर्कबेंच, तपासलाय. आवृत्ती १.०, नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेली. नमुन्याला ६००५ बेअरिंगचं हाउसिंग (बेअरिंग ज्यात बसतं तो भाग) घेतलं, मापं मिलिमीटरमध्ये: ९० व्यासाची, २० जाडीची फ्लँज, ४७ एच७ चा बोअर १२ खोल (एच७ म्हणजे भोकाच्या मापात किती फरक चालेल त्याचा ठरलेला कोड), त्यामागे ३८ चं आरपार भोक, ६८ पीसीडीवर (भोकांची केंद्रं ज्या वर्तुळावर येतात त्याचा व्यास) एम८ चे चार टॅप, म्हणजे आटे पाडलेली भोकं.

सुट्या पार्टच्या शॉप ड्रॉइंगला टेकड्रॉ पुरून उरतं. असेंब्लीचं सेक्शन (जोडलेले भाग मधून कापून दाखवणारा छेद) आणि जीडी अँड टी (समांतरता, लंबता वगैरेंची सूट चिन्हांनी लिहिणं) इथे ते कमी पडतं. धंद्यासाठी वापरलं तरी एक रुपया लागत नाही, दरवर्षीच्या सबस्क्रिप्शनचं झेंगट नाही, त्यामुळे दोन-तीन मशीनच्या गाळ्याला हा हिशेब मोठा आहे.

सुरुवात सोपी. टेम्प्लेटवरून पान घ्यायचं, ट्रीमध्ये पार्ट निवडायचा, समोरचा चेहरा (बाजू) निवडून प्रोजेक्शन ग्रुप, म्हणजे समोरून, वरून, बाजूने दिसणाऱ्या व्ह्यूंचा संच, टाकायचा. पहिली चूक इथेच होते. ट्रीमध्ये ‘बॉडी’ (पूर्ण पार्ट) निवडायची असते, घाईत ‘पॅड’वर (तो बनवतानाच्या एका पायरीवर) क्लिक होतं. मग व्ह्यू त्या पॅडपाशीच थांबतो. नंतर मारलेली भोकं, चेम्फर (तिरकी कापलेली कड) काहीच कागदावर येत नाही आणि माणूस रीफ्रेश मारत बसतो.

आपल्याकडे पॉलिटेक्निकपासून फर्स्ट अँगल (डावीकडून दिसणारी बाजू उजवीकडे काढायची पद्धत) अंगवळणी पडलेला असतो, टेकड्रॉच्या सेटिंगमध्येही तो मिळतो. अमेरिकन गिऱ्हाइकासाठी ग्रुपच्या प्रॉपर्टीत थर्ड अँगल (याच्या उलट) करता येतो, व्ह्यू आपापल्या जागा बदलतात. पण टायटल ब्लॉकमधलं कापलेल्या शंकूचं चिन्ह म्हणजे टेम्प्लेटमधलं नुसतं चित्र. ते आपोआप बदलत नाही. व्ह्यू थर्ड अँगलचे आणि चिन्ह फर्स्टचं, असा कागद बाहेर गेला तर उजव्या बाजूचा स्लॉट डावीकडे कापला जाणार. टेम्प्लेट एसव्हीजी (रेषाचित्राची) फाइल असते, इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून दोन्ही चिन्हांची वेगवेगळी टेम्प्लेटं एकदाच बनवून ठेवावीत.

मापं देणं हे टेकड्रॉचं बलस्थान. फिटची टॉलरन्स (मापात चालणारा कमी-जास्त फरक) देणारं वेगळं टूल आहे, एच७ हाताने शोधत बसावं लागत नाही. हातानेच भरायची तर ४७ च्या बोअरला वर +०.०२५, खाली ०. दशांश दोनच ठेवले असतील तर मात्र कागदावर +०.०३ उमटतं. आत किंमत बरोबर, छापील आकडा गोल केलेला. पाच मायक्रॉनची ही सूट टर्नर आनंदाने घेणार आणि बेअरिंग सैल बसणार. टॉलरन्सच्या मापांना फॉरमॅटमध्ये तीन दशांश द्यायचेच. सेक्शन व्ह्यूमध्ये हाच बोअर दोन समांतर रेघांसारखा दिसतो, तिथे व्यासाचं टूल चालत नाही. दोन रेघांमधलं अंतर घेऊन पुढे व्यासाचं चिन्ह जोडायचं. त्याचंही बटण आहे.

आट्यांसाठी खरे थ्रेड मॉडेलमध्ये कोरू नका. लपलेल्या रेषा काढताना ओपनकॅस्केड हे फ्रीकॅडमधलं भूमितीचं इंजिन आट्यातली कड न कड मोजतं आणि लॅपटॉप गुदमरतो. ६.८ चं साधं भोक ठेवून कॉस्मेटिक थ्रेडचं (आटे नुसत्या रेघेने दाखवणारं) टूल वापरा. ते भोकाच्या व्यासाला १.१७६ ने गुणून बाहेरची रेघ काढतं. एम८ ला ६.८ वरून जवळजवळ ८ येतात. एम६ ला ५ वरून ५.८८ येतात, म्हणजे रेघ दाखवण्यापुरतीच. ‘एम६’ शब्दांत लिहिलंच पाहिजे.

आता खड्डा. सगळी मापं देऊन झाली आणि मग बोअरच्या तोंडाला १ बाय ४५ अंशाचा चेम्फर आठवला. मॉडेलमध्ये टाकला, ड्रॉइंग ताजं झालं. समोरच्या व्ह्यूमध्ये आता ४७ आणि ४९ अशी दोन वर्तुळं. टेकड्रॉ माप रेषेच्या क्रमांकाला बांधतं आणि नवी रेष आली की क्रमांक सरकू शकतात. मग व्यास ४९ दिसतो, शेजारी टॉलरन्स तशीच +०.०२५. चूक ओरडून सांगत नाही, ऐटीत बसलेली असते. १.० मध्ये फीचरची नावं बदलण्याचा जुना घोळ मॉडेलच्या बाजूने बराच आटोक्यात आलाय, पण कागदावरच्या रेषा प्रत्येक वेळी नव्याने काढल्या जातात, तिथे धोका उरतोच. माप सरकलं तर पुसायची गरज नाही, रेफरन्स दुरुस्त करायचं टूल आहे. शहाणपणाचा क्रम असा: फिलेट (गोल केलेल्या कडा) आणि चेम्फरसकट मॉडेल पूर्ण, मग व्ह्यू, मापं सगळ्यात शेवटी. नंतर मॉडेलला हात लागला तर प्रिंट काढून लाल पेनाने एकेक आकडा पुन्हा वाचायचा.

आयसोमेट्रिक (तीन बाजू एकत्र दाखवणारा तिरका) व्ह्यू शोभेला ठेवावा. प्रोजेक्टेड, म्हणजे कागदावर दिसतं तेवढं, माप घेतलं तर तिथे १०० ची कड ८१.६५ दाखवते. गणित बरोबर, वाचणाऱ्याचा घात.

असेंब्लीत टेकड्रॉची दमछाक होते. सेक्शन घेतलं की बोल्ट, शाफ्ट, शाफ्टची चावी (की), सगळं उभं चिरलं जातं. रूढ पद्धतीत हे भाग न कापता दाखवतात, त्यासाठी इथे सरळ खूण करायची सोय नाही. कापायच्या पार्टचाच मूळ व्ह्यू घेऊन बाकीचे वरून बसवण्याची कसरत करावी लागते, आणि रिब (पार्टला आधार देणारी पातळ पट्टी) असेल तर तीही जमत नाही. असेंब्ली वर्कबेंच बीओएम (पार्टची यादी) बनवून देतं, पण बलूनचे, म्हणजे पार्टकडे बोट दाखवणाऱ्या गोलांचे, नंबर हाताने टाकायचे. यादीत ओळ वर-खाली झाली की बलून आपल्या जुन्याच नंबरावर ठाम. समांतरता, लंबता यांच्या चौकटींना टूल नाही; चिन्हाची एसव्हीजी आणून चिकटवायची. कम्पोनंट तपासून घेणाऱ्या वाहन उद्योगातल्या गिऱ्हाइकाला असं ड्रॉइंग पाठवण्यात अर्थ नाही. लांब शाफ्टसाठी १.० मध्ये ब्रोकन व्ह्यू (मधला भाग वगळून दाखवणारा) आला, ही मात्र खरी सोय.

लेझर कटिंगवाल्याला टेकड्रॉचं पान डीएक्सएफ (कटिंगसाठी देतात ती ड्रॉइंगची फाइल) करून देऊ नये. पानावरचा व्ह्यू १:२ असेल तर प्लेटही निम्मी कापली जाईल. सपाट चेहऱ्याचं स्केच १:१ वेगळं एक्स्पोर्ट करा आणि व्हॉट्सॲपवर फाइलसोबत एक माप लिहा, ‘बाहेरचा व्यास ९०’, म्हणजे तो उघडल्या उघडल्या ताडून बघेल.

राहता राहिला प्रिंट. पीडीएफ स्वच्छ निघते, गोंधळ झेरॉक्सच्या दुकानात होतो. ‘फिट टू पेज’ लागलेलं असतं, नाहीतर ए३ चा ए४ केला जातो आणि ३.५ मिलिमीटरची अक्षरं अडीचवर येतात. तेलकट बोटांखाली ३ की ८ कळत नाही. ए४ वरच जाणार असेल तर पानच ए४ घ्या, व्ह्यू कमी ठेवा. ड्रॉइंगवर पट्टी लावून माप काढू नये हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि सगळेच काढतात. म्हणून टेम्प्लेटच्या खालच्या कडेला बरोबर १०० मिलिमीटरची एक रेघ कायमची काढून ठेवा. दुकानातच पट्टी लावायची; ९७ भरली तर ‘ॲक्चुअल साइज’ सांगून कागद पुन्हा काढून घ्यायचा.