मयेचा तलाव की साळावलीचं धरण?

सुट्टीच्या दिवशी समुद्र नको, पण पाण्याकाठी बसायचंय, तर गोव्यात मी दोनच नावं सुचवते: डिचोली तालुक्यातलं मये आणि सांग्यातली साळावली.

लहान मुलं किंवा आजी-आजोबा सोबत असतील तर सरळ मये गाठा. चहूकडे डोंगर, मध्ये शांत तलाव आणि पायांनी चालवायच्या बोटी. शिवाय डिचोलीत असल्यामुळे पणजी-म्हापशाकडच्यांना जवळ. अर्धा दिवस पुरे.

साळावली मात्र पावसाळ्यातच बघावी. धरण भरलं की पाणी अर्धगोलाकार सांडव्याच्या काठावरून आत कोसळतं. कठड्याशी उभं राहिलात तर तुषारांनी चष्मा धुवून निघतो, शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. इथे पाण्यात उतरायचं नाही, नुसतं बघायचं. आणि दक्षिण गोव्यातल्या कितीतरी घरांच्या नळाला हेच पाणी येतं, त्यामुळे प्लास्टिकचा कचरा तिथे टाकूच नका, हात जोडून सांगते.

याच जलाशयाखाली गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं कुर्डी गाव आहे. मे महिन्यात पाणी ओसरलं की घरांची जोती वर येतात आणि विस्थापित कुर्डीकर आपल्या सोमेश्वराच्या उत्सवाला जमतात. तिथलं जुनं महादेवाचं देऊळ दगड न् दगड सोडवून धरणाजवळ पुन्हा उभारलंय, तेही पाहून या.

बोटिंगसाठी मये. पण एकच जागा निवडायची झाली, तर माझं मत साळावलीला.