दादांचा फोन चालू असेल तरच नेट: लँडलाइन ब्रॉडबँडचे दहा महिने

परवा बिल आलं. पावसाळ्यात मिळून 19 दिवस नेट धड नव्हतं, पण भाड्यातून एक रुपया वजा नाही. गणपतीनंतर मी हे कौतुकाने लिहिणार होते, ते आता बिल समोर ठेवून लिहितेय. सूर वाकडा लागला तर दोष बिलाचा.

‘फायबर का नाही घेत?’ हे आधीच विचारू नका. आमचं घर देवगड तालुक्यात, सड्याच्या (म्हणजे वरच्या जांभ्याच्या माळाच्या) उतारावर. फायबर तिठ्यापर्यंत आलंय. तिथून खाली वाडीत आणायचा जो आकडा मला सांगितला, त्यात हापूसची बाग उभी राहिली असती. मोबाइलची रेंज सड्यावर चार कांड्या, घरात शून्य. जांभ्याच्या जाड भिंती उन्हाळ्यात सुख देतात ते असं वसूल करतात. घरात सासऱ्यांच्या, म्हणजे दादांच्या, वेळची लँडलाइन होती. जानेवारीत तिच्यावरच ब्रॉडबँड घेतलं. मॉडेम भाड्याने न घेता 1,650 रुपयांना स्वतःचा आणला, कारण मी हिशोब लिहिणारी बाई आहे आणि दर महिन्याचं भाडं मला टोचतं.

माझं काम जीएसटीची रिटर्न भरण्याचं. आंबेवाले, दोन हार्डवेअरची दुकानं, एक बर्फाचा कारखाना. 11 तारखेला एक धावपळ, 20 तारखेला दुसरी. एक्स्चेंज तारेच्या वाटेने साडेतीन किलोमीटर आहे, त्यामुळे वेग मिळतो 4 एमबीपीएस. या कामाला तेवढा पुरतो. मे अखेरपर्यंत काहीच तक्रार नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगते.

या काळात मला एका पानाचं वेड लागलं. ब्राउझरमध्ये 192.168.1.1 टाकलं की मॉडेमचं घरचं पान उघडतं, त्यात ‘डीएसएल स्टेटस’. तिथे दोन आकडे बघायचे. एक अ‍ॅटेन्युएशन, म्हणजे तारेत सिग्नल किती झिजतो. आमचा 48 डीबी (डेसिबल), आणि तो अंतराचा असल्यामुळे त्याला इलाज नाही. दुसरा नॉइज मार्जिन. बंदरावर मासळीचा लिलाव चालू असताना त्या गलक्यात तुमचा आवाज किती वर निघतो, तसं हे. 6 डीबीच्या वर असेल तर चिंता नाही, 6 च्या खाली गेलं की लाइन लटपटते. माझं साधारण 10 असायचं. मी एका जुन्या डायरीत रोज सकाळ-संध्याकाळ तो आकडा लिहायला लागले. घरचे हसले. हसोत. पुढे तीच डायरी कामाला आली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला आणि डीएसएलचा दिवा लुकलुकायला लागला. आधी दिवसातून दोनदा, मग तासाला दोनदा. लाइन तुटली की परत जुळायला मिनिटभर जातं, आणि तेवढ्यात पोर्टल मला बाहेर काढून मोकळं. मार्जिन 4, 3, एकदा तर 1.5.

घरात करण्यासारखं होतं ते सगळं केलं. दादांनी कधीकाळी स्वयंपाकघरात ओढलेलं समांतर कनेक्शन तोडलं. फोनला लावलेला स्प्लिटर (फोन आणि नेट वेगळं करणारी डबी) बदलला, नवा 70 रुपयांना. भिंतीवरच्या डबीपासून मॉडेमपर्यंतची चपटी लांबलचक वायर काढून हातभर तुकडा लावला. शेवटी फोन, स्प्लिटर सगळं बाजूला सारून मॉडेम एकटाच डबीला जोडून बघितला. मार्जिन अर्ध्या डीबीने हललं, बस्स. इथवर आलात की दोष घराबाहेर आहे असं समजायला हरकत नाही. पण मी समजले नाही, मी मॉडेमवर संशय घेतला. शेजारच्या गावातल्या दुकानदाराने सांगितलं, ‘या कंपनीचे मॉडेम पावसाळ्यात दगा देतात.’ 5 जुलैला दुसरा आणला, 1,400 रुपये. तो पहिल्यापेक्षा अर्धा डीबी वाईट निघाला.

हेल्पलाइनबद्दल काय लिहू. मॉडेम बंद करून पाच मिनिटांनी चालू करा, एवढा एकच मंत्र. तक्रार नोंदवली की नंबर मिळतो. दोन दिवसांनी मी काही कामाने सड्यावर जायचे, तिथे मोबाइलला रेंज यायची आणि टुणकन मेसेज पडायचा: आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. घरी कोणी फिरकलेलंही नसायचं. असं तीन वेळा झालं.

चौथ्या तक्रारीला लाइनमन आले. त्यांनी फोन उचलला, रिंगचा आवाज ऐकला, ठेवला. ‘वैनी, फोन तर खणखणीत चालता. मगे कंप्लेंट कसली?’ आणि चहा घेऊन गेले. मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. आता येतं. बोलण्याचा आवाज तारेतून 3,400 हर्ट्झपर्यंतच जातो. ब्रॉडबँड त्याच तारेवर 25 किलोहर्ट्झपासून वर चालतं, एडीएसएल2+ (फोनच्या तारेवरच्या ब्रॉडबँडचा एक प्रकार) असेल तर 2.2 मेगाहर्ट्झपर्यंत. फोन चांगला म्हणून तार चांगली, हे म्हणणं म्हणजे होडी खाडीत तरंगते म्हणून ती भर समुद्रात न्यायला हरकत नाही असं म्हणणं.

आता 20 जुलै. दुपारचे तीन. चार जणांची 3बी, म्हणजे 20 तारखेची रिटर्न, बाकी, दिवा लुकलुकतोय, मी रडकुंडीला आलेली. तेवढ्यात लँडलाइन वाजली. डोंबिवलीहून माझ्या आतेसासूबाई, दादांची धाकटी बहीण. दादांना ऐकू कमी येतं, त्यामुळे ते रिसीव्हरमध्ये पलीकडच्या वाडीला सांगितल्यासारखे बोलतात. मी मनात म्हटलं, आता उरलंसुरलं नेटही जाणार. फोन आला की नेट तुटतं हा सगळ्यांचा अनुभव. सहज पान उघडलं तर मार्जिन 9. दिवा स्थिर.

दादांचं चाललं होतं कोकमं वाळवण्याबद्दल. मी एक रिटर्न भरलं, दुसरं भरलं. तिसऱ्याच्या मध्यावर दादा ‘ठेवतंय गो’ म्हणाले, रिसीव्हर ठेवला, आणि पाचव्या मिनिटाला दिवा गेला. मीच आतेसासूबाईंना परत फोन लावला. बाहेरचा कॉल म्हणजे पैसे, म्हणून त्यांनाच सांगितलं, तुम्ही करा, तुमचं अनलिमिटेड आहे. दादांना म्हटलं, ‘दादा, आणखी वीस मिनिटं बोला.’ ते बोलले. वीस मिनिटांनी त्यांनी रिसीव्हरवर हात ठेवून विचारलं, ‘झाला काय गो तुझा?’ झालं होतं. चारही भरली.

पुढचे दहा दिवस आमचं घर असंच चाललं. महत्त्वाचं काम निघालं की डोंबिवलीला निरोप.

कारण नंतर कळलं. रिसीव्हर ठेवलेला असतो तेव्हा एक्स्चेंजचा 48 व्होल्टचा दाब तारेवर असतो, पण प्रवाह वाहत नाही. कुठे जोड खराब असेल, तांब्यावर गंज चढला असेल, तर तो पापुद्रा सिग्नलला अडवतो. रिसीव्हर उचलला की थोडा प्रवाह वाहायला लागतो आणि त्या पापुद्र्यातून वाट काढतो. जोड तेवढ्यापुरता सुधारतो, नेटही सुधारतं. म्हणजे फोन आला की नेट तुटत असेल तर आधी स्प्लिटर बघा. आणि फोन उचलल्यावर नेट सुधारत असेल तर मॉडेम विकत घेऊ नका, बाहेरचा जोड शोधा. हे मला 1,400 रुपयांआधी कुणी सांगितलं असतं तर!

अजून एक फुकटची तपासणी: साधा वायरवाला फोन उचला, कुठलाही एक आकडा दाबा. डायल टोन थांबतो. त्या काही सेकंदांत कान देऊन ऐका. आमच्याकडे तव्यावर मोहरी तडतडावी तसा आवाज येत होता.

पाचव्या तक्रारीला तेच लाइनमन. यावेळी मी वाद घातला नाही. त्यांना खुर्ची दिली, डायरी दिली, पडद्यावर 3 डीबी दाखवला. मग रिसीव्हर उचलायला सांगितला. आकडा चढत 8 वर गेला. ठेवला, पुन्हा घसरला. ते काही बोलले नाहीत, शिडी घेऊन बाहेर गेले. खांबावरची डीपी, म्हणजे तारा वाटणारी पेटी (विजेची नव्हे, फोनची), उघडून बघितली, ती ठीक होती. मग तिथून आमच्या पडवीपर्यंत येणाऱ्या तारेवर हात फिरवत आले आणि फणसाखाली थांबले. मे 2021 च्या तौक्ते वादळात फांदी पडून तार तुटली होती, तेव्हाचा जोड. वर नुसती काळी टेप. टेप सोलली तर आतून पाणी ठिबकलं. तांब्याची तार पोपटी हिरवी, बोट लावलं तर भुकटी. खारी हवा आणि आत कोंडलेलं पाणी, दुसरं काय होणार. ‘ह्यो बघा तुमचो मॉडेम,’ ते म्हणाले, आणि स्वतःच हसले.

खराब तुकडा कापून त्यांनी जेल भरलेलं बटणाएवढं कनेक्टर दाबून बसवलं. काम दहा मिनिटांचं. मार्जिन 10.5. त्या दिवसापासून डायरीत 9 च्या खाली नोंद नाही, गणपतीचे दिवस सोडून. तेव्हा आकडा 7 वर आला आणि माझ्या पोटात गोळा. शोधलं तर मखराच्या लाइटच्या माळेचा स्वस्त अ‍ॅडॉप्टर मॉडेमच्या तारेला चिकटून होता. हातभर लांब सरकवला, विघ्न टळलं.

जुलैत विचारलं असतं तर मी या कनेक्शनला एकही तारा दिला नसता. आज सेवेला 1, लाइनला 4, लाइनमनना 5 (पहिल्या फेरीचा चहा माफ). बिलाची तक्रार केली आहे, नंबर मिळाला आहे. निवारण झाल्याचा मेसेज कालच सड्यावर मिळाला, पैसे नाहीत.

आतेसासूबाईंना सांगितलं की आता फोनची गरज नाही, तर त्या जरा दुखावल्या. दादांनी तोड काढली: 20 तारखेला दुपारी तीनला फोन चालूच ठेवायचा.

आणि हो, दुसरा मॉडेम विकायचा आहे. बिल, खोका, अ‍ॅडॉप्टर सगळं आहे, वापर फक्त पावसाळ्याचा. 900 रुपये. जुना स्प्लिटर हवा असेल तर त्याचे वेगळे 30.