पंधरा माणसांचा मॅश पोटॅटो: मॅशर बरा की पुरणयंत्र?

घरात चार जण असतील तर काट्याने कुस्करले तरी भागते, त्यात काय एवढं. पण जॉइंट फॅमिली, त्यात सुटीत बहिणीचे पोट्टे येऊन राहिले, म्हणजे माणशी २०० ग्रॅम धरून ३ किलो आलू होतात, आणि मग ते कशाने कुस्करता याने खरंच फरक पडतो.

मिक्सर यात धरतच नाही. शिजलेल्या आलूतला स्टार्च ब्लेडने फुटून बाहेर येते आणि पोस्टर चिकटवायची खळ हातात येते, मग त्यात कितीही बटर घाला.

उरले दोन. पावभाजीचा मॅशर बहुतेक घरी असतोच, गंजातच, म्हणजे पातेल्यातच काम होते, नळाखाली धरला की साफ. आलूबोंड्यासाठी तर मला अजूनही मॅशरच पाहिजे, कारण तिथे आलूचे तुकडे दाताखाली आले पाहिजेत, पुरणयंत्रातून काढलेल्या आलूचा बोंडा बेचव नाही पण गुळगुळीत लागतो, मजा नाही.

माझं मन मॅशरवरून उडालं ते सालांपायी. तीन किलो आलू कुकरमधून काढले की गरम गरम सोलावे लागतात, मे महिन्यात बाहेर ४५ डिग्री, किचनमध्ये तीन शिट्ट्यांची वाफ आणि आपण बोटं फुंकत फुंकत साल काढून राहिलो. थांबलं तर आलू थंड होतात, आणि थंड झालेला आलू मॅशरखाली नीट दबत नाही, गाठी राहतात. त्या गाठी मोडायला म्हणून आपण अजून ठेचतो आणि जास्त ठेचलं की तोच चिकटपणा सुरू. म्हणजे शेवटच्या आलूची साल निघेपर्यंत पहिला गार झालेला, आणि आजीला दात नाहीत तर तिच्याच वाटीत गाठ येणार हे ठरलेलं. आधी सोलून उकडावं म्हणाल तर आलू पाणी पितात, मॅश पचपचीत होतो. माझा तरी तसाच अनुभव आहे.

पुरणयंत्रात हा प्रकारच नाही. सालासकट उकडलेले आलू चिमट्याने धरून अर्धे कापायचे, कापलेली बाजू खाली, दांडा फिरवायचा. आलू जाळीतून खाली, साल बहुतेक वरच राहते, दोन-तीन घाण्यांनंतर चमच्याने काढून टाकायची. नव्या आलूची साल पातळ असते, ती कधीकधी खाली उतरते, तेवढी वेचावी लागते. जाळी मधली लावा, अगदी बारीक लावली तर मनगट दुखते. आलू एकदाच दाबला जातो, परत परत ठेचला जात नाही, म्हणून मोकळा आणि हलका पडतो. किलोला १०० ग्रॅम अमूल बटर आधी, मग गरम दूध पाव लिटरपर्यंत, थोडं थोडं, आलू किती घेतात ते बघून. मीठ शेवटी, कारण बटरमध्ये आहेच. आमच्याकडे अर्ध्या गंजाला वरून हिरव्या मिरचीची फोडणी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर पडतो, नाहीतर बाबा ताटाला हात लावत नाहीत.

गोडसर लागला तर मात्र यंत्राला दोष देऊ नका. कोल्ड स्टोरेजमध्ये फार थंडीत राहिलेल्या आलूत स्टार्चची साखर होते, ते दोन्हीकडे सारखंच.

पुरणयंत्राचा त्रास म्हणजे धुणं. आलू जाळीत वाळला तर टूथब्रश घेऊन बसावं लागते, म्हणून जेवायला बसायच्या आधीच ते पाण्यात बुडवून ठेवायचं. घरात वर्षातून एकदाच मॅश होत असेल तर फक्त त्यासाठी विकत घ्या असं मी म्हणणार नाही. पण होळीला पुरणासाठी आणलेलं माळ्यावर पडलं असेल तर उतरवा. आणि नवीनच घ्यायचं असेल तर नागपूरच्या इतवारी बाजारात दुकानातच दांडा फिरवून बघा, पाय गंजाच्या काठावर घट्ट बसतात की नाही तेही बघा, कारण घसरणारं यंत्र एका हाताने धरून दुसऱ्या हाताने फिरवायचं तर त्यापेक्षा मॅशर परवडला.