जुना वन बीएचके उजळ करताना: भिंत पाडावी की कापावी, फरशी उखडावी की घासावी

पुण्यातल्या कोथरूड, सहकारनगर, बिबवेवाडी, सिंहगड रोड या भागांतल्या तीन-चार मजली जुन्या इमारतींतले वन बीएचके बरेचसे एकाच साच्यातले असतात. दहा बाय पंधराचा हॉल, त्याच्यामागे आठ बाय नऊचं किचन, दहा बाय दहाची बेडरूम, मध्ये अंधारा पॅसेज आणि हॉलपुढे चारेक फुटांची बाल्कनी. सगळं मिळून कार्पेट एरिया, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, चारशे-साडेचारशे चौरस फूट. असं घर मोकळं आणि उजळ करायचं ठरलं की सुतार, गवंडी, पेंटर तिघंही आपापलं काम आधी सुचवतात. पण निर्णय उजेडाच्या वाटेने घ्यायला हवेत, म्हणजे आधी खिडकी, मग भिंत, मग जमीन, मग कपाटं.

बाल्कनी आत घ्यायची की ठेवायची?

खिडकीची वरची कड जमिनीपासून जितक्या उंचीवर असते, त्याच्या दोन ते अडीच पट अंतरापर्यंत दिवसाचा उजेड कामाचा राहतो, असा ढोबळ हिशेब आहे. सात फुटांवर कड असेल तर चौदा ते सतरा फूट. बाल्कनी आणि हॉल मिळून एकोणीस फूट होतात, म्हणजे किचनच्या भिंतीलगतचे शेवटचे दोन ते पाच फूट मंदच राहणार. बाल्कनी आत घेतली तरी हे अंतर बदलत नाही, कारण उजेड बाल्कनीच्या बाहेरच्या काठावरूनच येतो. उलट त्या काठावर खिडकीची चौकट, जाळी आणि बॉक्स ग्रिल बसतं आणि जमिनीतल्या लाभापेक्षा उजेडाचा तोटा मोठा होतो. शिवाय पावसाळ्यात कपडे वाळत घालायची जागा जाते आणि स्टँड बेडरूममध्ये येऊन बसतो.

त्यापेक्षा बाल्कनी तशीच ठेवा. हॉल आणि बाल्कनीमधला दरवाजा, शेजारची खिडकी आणि तिच्या खालची कठड्याएवढी भिंत काढून पूर्ण रुंदीचा, तीन ट्रॅकचा काचेचा सरकता दरवाजा बसवा. तीन पल्ल्यांपैकी दोन उघडे राहू शकतात. बाल्कनीच्या बाजूचा उंबरा मात्र जाऊ देऊ नका. आडव्या पावसात पाणी तिथूनच आत शिरतं.

इतर खिडक्यांमध्ये अ‍ॅल्युमिनियम की यूपीव्हीसी? आवाज आणि धूळ अडवण्यात यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिकची चौकट, सरस, त्यामुळे हमरस्त्यावरच्या घराला तेच योग्य. पण त्याची चौकट जाड असते. चार बाय चारच्या खिडकीत चारही बाजूंनी दोन-दोन इंच काच कमी झाली, तर उजेडाचं क्षेत्र सुमारे १६ टक्क्यांनी घटतं. आतल्या गल्लीतल्या लहान खिडक्यांना अ‍ॅल्युमिनियमच बरं. आणि जुन्या तपकिरी काचा असतील तर आधी त्या बदला. त्या जवळजवळ निम्मा उजेड खातात. समोरची इमारत जवळ असेल तर साध्या काचेच्या खालच्या अर्ध्या भागालाच धुरकट फिल्म लावा. वरचा भाग मोकळा राहिला की आकाश दिसतं.

किचनची भिंत: पूर्ण पाडणे, अर्धी कापणे, तशीच ठेवणे

किचनला बाहेरच्या बाजूला स्वतःची खिडकी असेल तरच ही भिंत उघडण्यात खरा फायदा आहे. मग हॉलच्या त्या मंद टोकाला मागूनही उजेड मिळतो आणि वारा आरपार खेळतो. किचनची खिडकी डक्टमध्ये, म्हणजे इमारतीतल्या पाइपांच्या अरुंद मोकळ्या जागेत उघडत असेल, तर भिंत पाडून उजेड मिळत नाही, फक्त फोडणीचा वास हॉलमध्ये येतो. तेव्हा भिंत राहू द्यावी.

पाडण्याआधी भिंत कशाची आहे ते बघा. बारीक ड्रिल मारा. प्लास्टर संपल्यावर लाल भुकटी आली तर वीट, पांढरी आणि भुसभुशीत आली तर सिपोरेक्स (हलके सिमेंटचे ब्लॉक), राखाडी येऊन ड्रिल अडखळलं तर काँक्रीट. काँक्रीटला हात लावायचा नाही. हिंजवडी, वाकडकडच्या मिवान पद्धतीच्या (साच्यात भिंती-स्लॅब एकत्र ओतलेल्या) नव्या टॉवरमध्ये आतल्या भिंतीही काँक्रीटच्या आणि भार घेणाऱ्या असतात, तिथे हा पर्यायच नाही. पेठांमधल्या जुन्या लोड बेअरिंग इमारतींत नऊ इंच किंवा त्याहून जाड विटेची भिंतही वरचा मजला तोलत असते. स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी दिल्याशिवाय तिथे हातोडा नको. आरसीसी फ्रेमच्या, म्हणजे काँक्रीटच्या खांब-बीमवर उभ्या इमारतीतली साडेचार इंची भिंत, वर बीम असेल तर, बहुतेक वेळा काढता येते. तरीही इंजिनिअरचं पत्र आणि सोसायटीची लेखी परवानगी हातात ठेवूनच सुरुवात करा.

पूर्ण पाडली तर आठ बाय नऊच्या भिंतीतून सुमारे पावणेदोन टन राडारोडा निघतो, म्हणजे पंचवीस-तीस किलोची साठ-सत्तर पोती. ती खोलीच्या मधोमध रचू नका, स्लॅबवर एका जागी भार येतो. रोजच्या रोज खाली न्या. भिंतीतून जाणारे वायरिंगचे पाइप दुसरीकडून फिरवावे लागतात. आणि भिंत होती तिथे जमिनीत पाचेक इंचांचा पट्टा उघडा पडतो. जुनी टाइल बाजारात मिळत नाही, त्यामुळे तिथे ग्रॅनाइटची पट्टी टाकावी लागते. दोन खोल्यांच्या लेव्हलमध्ये अर्ध्या इंचाचा फरक असेल तर तोही तिथेच उघड होतो. पाइपलाइनचा गॅस असेल तर पाइप हलवायचं काम गॅस कंपनीकडूनच (एमएनजीएल) करून घ्या, प्लंबरकडून नको.

यापेक्षा मोठी अडचण रोजची आहे. वन बीएचकेमध्ये हॉल ही रात्री कुणाची तरी झोपायची खोली असते आणि दहावी-बारावीच्या वर्षी अभ्यासाची. सकाळी सहाचा मिक्सर आणि कुकरच्या शिट्ट्या उघड्या किचनमधून थेट डोक्याशी येतात. चिमणी धूर ओढते, आवाज नाही. तीही शेगडीपासून २६ ते ३० इंचांवर आणि डक्टिंगला कमीत कमी वळणं देऊन बसवली तरच नीट ओढते.

म्हणून बहुतेकांना मधला मार्ग लाभतो. भिंत जमिनीपासून ४२ इंच ठेवायची, वरचा भाग कापायचा आणि तिथे सरकती काच लावायची. ओटा ३३-३४ इंचांवर असतो, त्यामुळे त्यावर पडलेली भांडी हॉलमधून दिसत नाहीत. उजेड येतो, काच लावली की आवाज बराच कमी होतो आणि जमिनीला धक्का लागत नाही. कापताना कटर मशिनने दोन्ही बाजूंनी रेघ मारून घ्यायला सांगा. नुसत्या घणाने तोडलं की खाली ठेवलेली भिंतही सैल होते आणि वर्षभरात प्लास्टरला तडे जातात.

जमीन: तीन पर्याय

| | जुनं मोझॅक पॉलिश | टाइलवर टाइल | उखडून नवी |
|---|---|---|---|
| दिवस | तीन-चार | आठवडाभर | तीन आठवड्यांपर्यंत |
| राडारोडा | नाही, फक्त रबडी (घासल्यावरचा गाळ) | अगदी कमी | जवळपास सहा टन |
| उंची | तीच | १२ ते १५ मिमी वाढते | हवी तशी |
| अडचण | काळपट डाग, तडे राहतात | दरवाजे खालून कापावे लागतात | लिफ्ट नसेल तर सगळं जिन्याने |

फिक्या रंगाचं मोझॅक असेल आणि फरशी हलत नसेल, तर घासून घेण्याचाच आमचा आग्रह आहे. लोक याला कमी लेखतात, पण पांढऱ्या सिमेंटने सांधे भरून, खडबडीत दगडापासून बारीक दगडापर्यंत चार हात फिरवले की तीच जमीन खोलीत उजेड पसरवते. घासताना निघणारी रबडी मोरीत सोडू देऊ नका. ती पाइपमध्ये बसून दगड होते. पोत्यात भरून बाहेर न्या.

टाइलवर टाइल करायची तर आधी काठीने सगळी जमीन ठोकून बघा. पोकळ वाजणाऱ्या फरशा काढून भरून घ्या, कारण नवी टाइल जुन्यावरच विसंबणार आहे. जुनी फरशी गुळगुळीत असेल तर ती खरवडून घ्या आणि चिकटवायला टाइल अ‍ॅडहेसिव्हच वापरा, सिमेंट नको. बाथरूमचा उंबरा नव्या जमिनीपेक्षा वर राहतोय ना, हे काम सुरू होण्याआधीच मोजा. उखडण्याचा पर्याय फक्त जमीन खचली असेल किंवा खालून पाइप बदलायचे असतील तेव्हाच.

टाइल कुठलीही घ्या, सगळ्या खोल्यांत एकच घ्या आणि दरवाज्यात रंग बदलू नका. चकचकीतपेक्षा मॅट बरी. आरशासारख्या जमिनीवर खिडकीचा झोत डोळ्यांत येतो.

कपाट: सुतार की मॉड्युलर, बिजागरीचं की सरकतं

दहा फूट रुंद बेडरूममध्ये दोन फूट कपाट आणि पाच फूट पलंग गेला की तीन फूट उरतात. दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट ठेवलं, तर पंधरा-सोळा इंच रुंदीची बिजागरीची शटर आरामात उघडतात. सरकत्या शटरला कपाटाची खोली सव्वादोन फूट लागते आणि एका वेळी अर्धंच कपाट दिसतं. ‘लहान खोली म्हणजे सरकतं शटर’ हा समज इथे तोट्याचा ठरतो. पलंग कपाटापासून फूटभरावर येणार असेल तरच सरकतं घ्या.

घरात राहून काम करायचं असेल तर मॉड्युलर सोयीचं. कारखान्यात तयार होऊन येतं आणि दोन-तीन दिवसांत बसतं, कडांची पट्टीही मशिनने घट्ट लागते. पण जुन्या घरांच्या भिंती ओळंब्यात नसतात. चौकोनी बॉक्स बसवताना दोन्ही टोकांना इंच-दोन इंचाच्या फिलर पट्ट्या येतात आणि आठ फुटांच्या किचनमध्ये ते नुकसान जाणवतं. सुतार भिंतीच्या वळणाप्रमाणे पट्टी घासून बसवतो, कोनाडाही वाया जाऊ देत नाही. मात्र तीन-चार आठवडे घरात भुसा उडणार. किचन आणि कोनाडे सुताराकडून, बेडरूमचं कपाट मॉड्युलर, ही वाटणी चांगली जमते. सिंकखालच्या बॉक्सला आयएस ७१० (पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायवुडचं मानक) चा शिक्का असलेलंच प्लायवुड घ्या. पार्टिकल बोर्ड ओल लागली की फुगतो आणि बिजागरीचे स्क्रू सुटतात.

माळ्याच्या शटरला लाकडी रंगाचं लॅमिनेट लावू नका, भिंतीच्याच रंगात ठेवा. सात फुटांवरची गडद पट्टी छत खाली आणते. काँक्रीटचा माळा मात्र तोडायला जाऊ नका, तो बऱ्याचदा लिंटेलबरोबर (दार-खिडकीवरच्या काँक्रीटच्या पट्टीबरोबर) ओतलेला असतो.

फॉल्स सीलिंग या घरात नको. चार-सहा इंच उंची घालवून फक्त दिवे लपवता येतात. छत शुद्ध पांढरं, भिंती किंचित पिवळसर पांढऱ्या ठेवा. रंग दुकानातल्या शेड कार्डवरून ठरवू नका. खिडकीसमोरच्या आणि खिडकीच्याच भिंतीवर दोन बाय दोन फुटांचे पट्टे मारा आणि दिवे बंद ठेवून सकाळी अकराला आणि संध्याकाळी पाचला बघा. खिडकीच्या भिंतीवरचा पट्टा नेहमी एक छटा गडद दिसतो, म्हणून निवड त्या पट्ट्यावरून करा.