आठ इंची टॅब, तेरा हजार रुपये: दिवाळीपासून वापरल्यावर

दिवाळीत घेतला, आता द्राक्षाचा हंगाम संपत आलाय. म्हणजे बोलायला हरकत नाही.

माझा मुख्य वापर पंचवटी एक्सप्रेसमध्ये. नाशिकरोडला जागा मिळाली की बॅगेतून टॅब काढायचा आणि ऑफिसच्या पीडीएफ वाचायच्या. स्क्रीन 8.7 इंच, रिझोल्यूशन 1340 × 800, म्हणजे लांबीत 1340 आणि रुंदीत 800 ठिपके (पिक्सेल). कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या किमतीतल्या बऱ्याच टॅबची गत हीच आहे.

व्हिडिओला स्क्रीन उत्तम. आडवा धरला की 720पी चित्र आरामात बसतं. 1080पी लावून फक्त डेटा जळतो, कारण दाखवायला तेवढे ठिपकेच नाहीत. कसारा घाटातल्या बोगद्यांत रेंज जाते, म्हणून मी आदल्या रात्रीच डाउनलोड करून ठेवतो.

खरी गोम आहे ती वाचनात. इंचाला जेमतेम 179 ठिपके पडतात. इंग्रजी मजकूर यावर खपून जातो, मराठीचं तसं नाही. ‘वर्षांपूर्वी’मधला रफार आणि अनुस्वार शेजारीशेजारी येतात, आणि बारीक अक्षरात दोघांचा मिळून एकच डाग दिसतो. शासन निर्णयाची स्कॅन केलेली प्रत असेल तर विचारूच नका. त्यात ए-फोर कागद 210 मिलिमीटर रुंद आणि उभा टॅब जेमतेम 113, म्हणजे 12 पॉइंटचं अक्षर साडेसहाचं होतं. चाळिशी लागलेल्यांनी हा हिशोब आधी करावा.

यावर उपाय एकच, टॅब आडवा धरायचा. मग रुंदी 190 मिलिमीटर मिळते, अक्षर जवळपास छापल्याएवढं दिसतं. पान तुकड्यातुकड्यानं सरकवावं लागतं, पण त्याची सवय होते. मला झाली. बायकोला अजिबात नाही झाली, ती सरळ प्रिंट काढते.

मग आयपॅड मिनी का नाही? शोरूममध्ये हातात घेऊन पाहिला. 8.3 इंच, इंचाला 326 ठिपके, अक्षर कोरल्यासारखं. पण 2024 साली आला तेव्हा किंमत 49,900 होती, आणि उभा धरला तर रुंदी साधारण 116 मिलिमीटर. म्हणजे अक्षर स्वच्छ दिसेल, मोठं नाही. मला हवं होतं मोठं. वरचे 37 हजार कशाला घालायचे? चित्रं काढणाऱ्याची गोष्ट वेगळी.

बाकी किरकोळ. चार्जिंग संथ, रात्रीच लावून ठेवायचा. खिडकीशी ऊन आलं की ब्राइटनेस पूर्ण चढवूनही आधी स्वतःचा चेहराच दिसतो. 4 जीबी रॅमवर ब्राउझर आणि पीडीएफ एकदम उघडले की दमतो. वजन मात्र झकास, गर्दीत उभ्यानं एका हातात धरता येतो.

मेहुण्याच्या मुलाला एमपीएससीसाठी हाच घ्यायचाय. त्याला म्हटलं, लेक्चर बघणार असशील तर डोळे झाकून घे. दिवसभर नोट्स वाचणार असशील तर थोडे पैसे वाढवून 10-11 इंची, 1920 × 1200चा बघ. आणि कॉलेज रोडला दुकानात जाशील तेव्हा तुझीच स्कॅन केलेली पीडीएफ डेमो पीसवर उघडून माग. डेमोचे व्हिडिओ सगळ्याच स्क्रीनवर छान दिसतात.